कॅस्केड की सिट्रा? पेल एलसाठी हॉप्स निवडताना

ओरेगनमध्ये सप्टेंबर म्हणजे हॉप्सच्या काढणीचा हंगाम. पोर्टलंडहून दक्षिणेला विलामेट खोऱ्यात गेलं, की पाच-साडेपाच मीटर उंच तारांवर चढलेले वेल रांगेने उभे दिसतात. त्यांना लागलेली हिरवी बोंडं पाइनच्या कोवळ्या फळांसारखी दिसतात. बोंड उकललं की पाकळ्यांच्या तळाशी हळदीसारखी पिवळी, चिकट पूड सापडते. तिला ल्युप्युलिन म्हणतात. बिअरचा कडूपणा आणि वास दोन्ही तिच्यातूनच येतात.

मी पोर्टलंडमध्ये सत्तावीस वर्षं आहे आणि त्यातली वीस वर्षं गॅरेजमध्ये स्वतःपुरती बिअर करतो आहे. माझी भाची नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. सध्या ती कॉर्व्हॅलिसला ओरेगन स्टेट विद्यापीठात अन्नविज्ञान शिकते आहे. या शनिवारी आम्ही दोघांनी मिळून पेल एल नावाची बिअर करायचं ठरवलं आणि हॉप्स कोणते घ्यायचे इथेच अडलो. तो वाद मला नोंदवून ठेवावासा वाटला, कारण घरी बिअर करणारा प्रत्येक जण कधी ना कधी याच प्रश्नापाशी थांबतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अमेरिकेत घरी बिअर करण्याला १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनची मर्यादा आहे आणि विकायला बंदी आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. तिथल्या वाचकांनी हा लेख एका पिकाची आणि एका कसबाची ओळख म्हणून वाचावा.

यादीवरचं नाव

भाची: मामा, यादीत तुम्ही तीनदा कॅस्केड लिहिलंय. उकळीच्या सुरुवातीला कॅस्केड, शेवटच्या दहा मिनिटांना कॅस्केड आणि आंबवायच्या बरणीतही कॅस्केडच?

मी: पेल एल करायची आहे ना? मग दुसरं काय लिहू? सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कारखान्याने १९७५ साली लिबर्टी एल केली ती कॅस्केडवर. चिको गावात केन ग्रॉसमन यांनी १९८० साली सिएरा नेवाडा पेल एल काढली, तीही कॅस्केडवरच. अमेरिकन पेल एल म्हटलं की पपनसाच्या सालीचा जो वास आठवतो ना, तो या वाणाचा आहे.

भाची: ते मान्य. पण पेल एल मुळात अमेरिकेची नाही, इंग्लंडची. लंडनच्या हॉजसनच्या कारखान्यातून पिंपं भरून मुंबईला, मद्रासला, कलकत्त्याला जायची ना? तेव्हाचे हॉप्स इंग्लिश होते, गोल्डिंग्ज वगैरे. मध, ओली माती, थोडी फुलं असा त्यांचा सौम्य वास. त्या माणसांना तुमचा कॅस्केड हुंगायला दिला असता तर ही बिअरच नाही म्हणाले असते.

मी: म्हणाले असते. पण परंपरा कुठून तरी धरावी लागते. मी ती ओरेगनमधून धरतो. कॅस्केड इथला आहे. तू शिकतेस त्याच विद्यापीठात, अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पैदास कार्यक्रमात तो तयार झाला. इंग्लंडचा फगल आणि रशियाचा सेरेब्रियांका हे त्याचे पूर्वज. १९५६ पासून तो नुसता ५६०१३ हा क्रमांक होता. सोळा वर्षं मळ्यात काढल्यावर १९७२ साली त्याला नाव मिळालं.

भाची: म्हणजे १९७२ साली तोही नवाच होता. तेव्हा जर सगळ्यांनी जुनंच बरं म्हटलं असतं, तर तुमचा कॅस्केड आजही क्रमांकच राहिला असता. मी सिट्रा घेऊ या म्हणते, तेव्हा मी १९७२ साली कॅस्केड हातात घेणाऱ्या माणसासारखीच वागतेय.

या उत्तराला माझ्याकडे लगेच काही नव्हतं. वीस वर्षांत हा मुद्दा असा माझ्यासमोर कधी आला नव्हता.

कुंपणावरचा वेल

मी: माझी दुसरी बाजू ऐक. मागच्या कुंपणावर जो वेल चढलाय तो कॅस्केड आहे. एका मित्राने मला त्याच्या मुळाचा तुकडा दिला, मी तो लावला. कोणाची परवानगी लागली नाही. कॅस्केड, सेन्टेनियल, चिनूक हे सार्वजनिक वाण आहेत. सिट्रा, मोझॅक ही नावं कंपन्यांच्या मालकीची. त्यांच्या मुळाचा तुकडा तुला कुठे मिळणार नाही. शेतकऱ्यानेही ते कराराशिवाय लावायचे नाहीत.

भाची: हे मला नवीन नाही, मामा. आमच्याकडे द्राक्षात तेच सुरू झालंय. बाबांनी जन्मभर थॉम्सन पिकवली. आता शेजारचे बागायतदार रॉयल्टी भरून परदेशी वाण लावतात. बाबांना ते पहिल्यांदा खुपलं. मग ते म्हणाले, कोणीतरी पंधरा वर्षं रोपं लावून, चाखून, उपटून टाकून हा एक घड काढलाय, त्याची मजुरी कोण देणार? सिट्राचंही तसंच आहे. त्याचं रोप १९९० च्या सुमाराचं आणि बाजारात आला २००७-०८ ला. मधल्या वर्षांत तो पोसला कोणी?

मी: मजुरी द्यावी, मी नाही म्हणत नाही. पण सरकारी संशोधनातून आलेला वाण सगळ्यांचा असतो आणि हौशी माणसाला त्याचं मोल जास्त आहे. मी वेल वाढवतो, मार्चमध्ये कोंब छाटतो, ऑगस्टच्या अखेरीला बोंडं कागदासारखी कुरकुरायला लागली की तोडतो. त्या बिअरशी माझं नातं पाकीट विकत आणणाऱ्यापेक्षा वेगळं आहे.

भाची: नातं मान्य. पण कुंपणावरच्या बोंडात कडूपणा देणारं आल्फा आम्ल किती, तुम्हाला ठाऊक आहे?

मी: नाही. म्हणून ती कडूपणासाठी कधी वापरत नाही. ताजी असतील तर शेवटी टाकतो आणि तीही वजनाने पाचपट. ताज्या बोंडात ऐंशी टक्के पाणीच असतं.

भाची: बघा, म्हणजे तुम्हीही वाण डोळे मिटून वापरत नाही. आधी काम बघता, मग वाण. मीही तेच म्हणतेय. यादीत नावाच्या आधी काम लिहू या.

कडूपणाचं गणित

ती फळ्याकडे गेली आणि तिने तीन रकाने आखले: साठ मिनिटं, दहा मिनिटं, आच बंद केल्यावर.

भाची: साठ मिनिटं उकळलेल्या हॉपचा वास उरत नाही. वासाची तेलं वाफेबरोबर निघून जातात. उरतो तो कडूपणा. आल्फा आम्ल उकळीत रूप बदलतं, आयसो-आल्फा आम्ल होतं, आणि आपल्या जिभेला कडू लागतं ते हे. मग साठ मिनिटांना वासाचा हॉप का जाळायचा?

मी: तुझ्या आजीच्या स्वयंपाकघरात हा धडा मला आधीच मिळाला होता. मोहरी-हिंग तेलात सुरुवातीला, गोडा मसाला मध्ये आणि कोथिंबीर आच बंद केल्यावर. कोथिंबीर तासभर उकळली तर फक्त काड्या हाती लागतात. पण मी साठ मिनिटांना कॅस्केड टाकतो तो सवयीने. हिशेब सोपा पडतो.

भाची: हिशेब करून बघू. इथल्याच ग्लेन टिन्सेथ यांचं सूत्र आपण दोघंही वापरतो. अठ्ठावीस ग्रॅम कॅस्केड, आल्फा ६ टक्के, साठ मिनिटं, १९ लिटर. आपल्या माल्टच्या काढ्याच्या गाढपणाला साठ मिनिटांत साधारण तेवीस टक्के आम्ल उतरतं. उत्तर येतं वीस आयबीयू, म्हणजे कडूपणाची वीस एककं. तोच कॅस्केड शेवटच्या दहा मिनिटांना टाकला तर फक्त सात.

मी: आणि कॅस्केडऐवजी १५ टक्क्यांचा कोलंबस तेवढाच टाकला तर पन्नास. ते मी एकदा करून बसलोय. दुकानात कॅस्केड संपला होता, मी कोलंबस आणला आणि वजन तेच ठेवलं. पाकिटावरचा आकडा वाचला नाही. ती बिअर कारल्याच्या रसासारखी झाली. दोन महिने थांबलो, तरी पिववली नाही.

भाची: मग कडूपणासाठी मॅग्नम घेऊ. जर्मनीचा आहे, आल्फा तेरा टक्क्यांच्या आसपास, कडूपणा स्वच्छ, वास नावापुरता. चौदा ग्रॅममध्ये बावीस आयबीयू मिळतात. पातेल्यात पालाही कमी पडतो, गाळताना त्रास नाही.

मी: हे मला पटलं. पण एक अट. एकूण कडूपणा पस्तीसच्या आसपासच राहू दे. आपला माल्टचा काढा १.०५२ घनतेचा होणार आहे. त्याच्या गोडीला पस्तीस पुरे. पेल एल प्यायल्यावर दुसरा पेला भरावासा वाटला पाहिजे. कडूपणाने जीभ बधिर झाली, की माल्टची बिस्किटासारखी चव गेलीच.

भाची: अट मान्य. बिअरच्या शैलींच्या मार्गदर्शिकेतही अमेरिकन पेल एलसाठी तीस ते पन्नास म्हटलंय. आपण खालच्या बाजूला राहू.

वासाचा प्रश्न

खरा वाद अजून बाकी होता. तिने पिशवीतून सिट्राचं चंदेरी पाकीट काढलं, कात्रीने कोपरा कापला आणि दळून-दाबून केलेल्या हॉप्सच्या चार गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या. "चोळा," म्हणाली. मी दोन्ही तळवे घासले. गोळ्यांचा हिरवा भुगा झाला, तळवे तेलकट झाले. हात नाकाशी नेले तर आधी लिंबाची साल, मागोमाग लिची आणि पिकत आलेल्या आंब्याच्या देठापाशी येतो तसा चिकाचा उग्र दरवळ. वीस वर्षं हॉप्स हाताळून मी हा वास असा थांबून कधी घेतला नव्हता.

मी: छान आहे. पण फार बोलतो हा. पेल एलमध्ये हॉपने गावं, हे ठीक. पण माल्टचा आवाज दाबून गाऊ नये.

भाची: ते प्रमाणावर आहे, वाणावर नाही. आमच्या विद्यापीठात टॉम शेलहॅमर यांच्या प्रयोगशाळेने प्रयोग केला होता. बिअर थंड झाल्यावर तिच्यात कोरडे हॉप्स किती घालावेत, हा प्रश्न. लिटरला आठ ग्रॅमच्या पुढे गेलं, की फळांचा वास त्या मानाने वाढत नाही, पाल्याचा, चहाच्या चोथ्यासारखा वास वाढतो. आणि तो प्रयोग त्यांनी केला होता कॅस्केडवरच.

मी: म्हणजे जास्त घातलं तर माझाही हॉप गोंगाटच करतो.

भाची: कोणताही करतो. आपण लिटरला पाच ग्रॅम घालू, मग सिट्राही दबून बोलेल.

मी: मग मी सिट्राऐवजी सेन्टेनियल सुचवतो. १९९० चा सार्वजनिक वाण, आल्फा दहाच्या आसपास, आणि वास कॅस्केडच्याच घराण्यातला, म्हणून त्याला सुपर कॅस्केड म्हणायचे. तुला ठळकपणा हवा, मला ओळख हवी. दोघांचं जमेल.

भाची: तडजोड म्हणून चांगला आहे. पण मला ठळकपणा नकोय, मला वेगळं फळ हवंय. सिट्रात जिरॅनिऑल भरपूर असतं, गुलाबाच्या जवळचा वास. आंबवणी चालू असताना यीस्ट त्यातल्या काही भागाचं सिट्रोनेलॉल करतं, ते लिंबाकडे झुकतं. म्हणजे जे गोळीत होतं त्याहून वेगळं पेल्यात येतं. सेन्टेनियल आणून मला कॅस्केडचीच मोठी आवृत्ती मिळेल. मला नवीन गोष्ट शिकायची आहे.

मी: शिकायचं असेल तर माझं ऐक. तू गेल्या वेळी एका बिअरमध्ये पाच हॉप्स घातलेस. चांगली झाली होती. पण त्यातला आंबा कोणाचा, लिंबू कोणाचं, पाइनचा डिंक कोणाचा, तुला सांगता आलं नाही. पाच जण एकदम बोलले तर कोणाचं काय ऐकणार? एक माल्ट, एक हॉप, एक यीस्ट. एका वेळी एकच गोष्ट बदल.

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे मात्र खरं. प्रयोगशाळेत मी असं कधी करणार नाही आणि घरी मात्र करते." आणि लगेच तिने सुचवलं, "मग पेल एल करायच्या आधी हॉप्सच एकेकटे ओळखू या."

टिकल्या लावलेले पेले

ही युक्ती घरी बिअर करणारे बरेच जण वापरतात आणि ती फार सोपी आहे. ज्याला स्वतःचा वास जवळपास नाही असा साधा, फिका लागर आणायचा. बाटली चांगली गार करायची, बूच काढायचं, दीड ग्रॅम हॉप्सच्या गोळ्या आत टाकायच्या आणि फेस वर यायच्या आत नवं बूच दाबायचं. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस ठेवायची. बाटली तपकिरी काचेची घ्यावी, कारण उन्हात हॉप्समधली आम्लं बिघडतात आणि बिअरला स्कंकसारखा उग्र दर्प येतो.

आधीच्या शनिवारी आम्ही चार बाटल्या भरल्या. एकीत या वर्षीचा कॅस्केड, दुसरीत सिट्रा, तिसरीत जपानच्या होक्काइडोतला सोराची एस. चौथीत काय घातलं ते भाचीने सांगितलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी माझ्या पत्नीने, म्हणजे भाचीच्या मामीने, चार पेल्यांच्या बुडाला चार रंगांच्या टिकल्या चिकटवल्या, स्वयंपाकघरात एकटीने बिअर ओतली आणि पेले आमच्यापुढे ठेवले. आम्ही कागदावर आपापलं लिहिलं.

लाल टिकलीचा पेला मी ओळखला. पपनसाची साल, मागे फुलांचा हलका वास. हिरव्या टिकलीत लिची आणि आंबा होता, म्हणजे सिट्रा. निळ्या टिकलीचा पेला मामीनेच नाकाशी नेला आणि म्हणाली, "ही तर शेपूची भाजी!" तिने मसाल्यात आयुष्य घालवलंय. सोराची एसबद्दल जाणकार लिंबू आणि शेपू हेच दोन शब्द वापरतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

उरली काळी टिकली. त्या पेल्यात जुन्या चीजसारखा, घामेजलेल्या मोज्यासारखा वास होता. फळ नाही, फूल नाही. मी कागदावर लिहिलं: "नवा, महागडा वाण. पेल एलला निरुपयोगी."

भाची: मामा, तो कॅस्केड आहे. तुमचाच. गॅरेजमधल्या फ्रिजच्या दारात कपड्यांचा चिमटा लावून ठेवलेलं पाकीट आहे ना, त्यातला. त्यावर दोन वर्षांपूर्वीच्या पिकाचं साल आहे.

मी: परवाच्या पेल एलमध्ये मी तोच घालणार होतो.

भाची: म्हणूनच मी तो चौथ्या बाटलीत घातला. आल्फा आम्लाला हवा लागत राहिली की ते मोडतं आणि त्यातून हा चीजचा वास येतो. कॅस्केड टिकायला तसा नाजूकच. यात वाणाचा दोष नाही. पाकीट उघडल्यावर हवा काढून, घट्ट बंद करून, खोल थंडीत ठेवायला हवं होतं.

मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. आठवडाभर मी ज्या नावाची बाजू लढवत होतो, तेच नाव माझ्याच निष्काळजीपणाने पेल्यात ओळखू येईनासं झालं होतं. एवढंच नाही, तर तो वास परक्याचा असणार असं मी धरूनही चाललो होतो. नाव माझं होतं म्हणून मी पाकीट कधी तपासलंच नाही.

भाची: आता माझं ऐका. मीही कागदावर काहीतरी लिहिलंय. हिरव्या टिकलीचा पहिला घोट मला सगळ्यात आवडला. पण पेला अर्धाच प्यायले. लाल टिकलीचा मात्र बोलता बोलता कधी संपला, कळलं नाही. तुम्ही दुसरा पेला भरावासा वाटला पाहिजे म्हणालात, ते मला आज कळलं.

मी: पण साध्या लागरमध्ये सिट्राला आधार नव्हता. त्याच्यामागे माल्ट असेल तर?

भाची: तर वेगळं लागेल. फक्त कॅरमेलचा माल्ट जपून घालायला हवा. कॅरमेलची गोडी आणि आंबा-लिची एकत्र आले तर पेला जड होतो.

बरण्या दोन, काढा एक

शुक्रवारी रात्री आम्ही मिळून जी कृती लिहिली ती अशी. १९ लिटरसाठी ४.२ किलो अमेरिकन टू-रो माल्ट आणि ३०० ग्रॅम क्रिस्टल ४० हा कॅरमेल माल्ट. पोर्टलंडचं नळाचं पाणी बुल रनच्या जंगलातून येतं आणि फार मृदू असतं. म्हणून त्यात थोडं जिप्सम घालायचं, म्हणजे हॉप्सचा कडूपणा कोरडा, नेमका लागतो. इंग्लंडमधल्या बर्टनच्या खडकातलं पाणी इंग्लिश पेल एलला जे देत होतं, तेच आपण चमच्याने द्यायचं. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं, त्यासाठी कॅम्पडेनची गोळी कुस्करून आधी मिसळायची, नाहीतर बिअरला औषधासारखा वास येतो.

उकळीच्या सुरुवातीला चौदा ग्रॅम मॅग्नम. शेवटच्या दहा मिनिटांना अठ्ठावीस ग्रॅम या वर्षीचा कॅस्केड. आच बंद केल्यावर काढा ८० अंशांपर्यंत निवू द्यायचा आणि मग पुन्हा अठ्ठावीस ग्रॅम कॅस्केड वीस मिनिटं मुरवायचा. एवढ्या उष्णतेत कडूपणा थोडाच उतरतो आणि वासाची तेलं बरीच टिकून राहतात. इथपर्यंत काढा एकच. मग तो दोन काचेच्या बरण्यांत निम्मा निम्मा ओतायचा, दोन्हींत तेच यीस्ट. एका बरणीत पंचेचाळीस ग्रॅम कॅस्केड, दुसरीत पंचेचाळीस ग्रॅम सिट्रा, आंबवणीचा जोर ओसरत आला की. बाकी सगळं सारखं.

मी: आणि बाटल्या भरायची घाई नको. कोरड्या हॉप्समध्ये विकरं असतात, ती उरलेली साखर मोडतात आणि यीस्ट पुन्हा जागं होतं. घनतेचा आकडा सलग तीन दिवस तोच राहिला पाहिजे.

भाची: नाहीतर बाटल्या फुटतात. हे मात्र तुमच्याकडूनच शिकले.

शनिवारी सकाळी पातेलं चढलं आणि दुपारपर्यंत दोन्ही बरण्या भरल्या. एकीवर लाल टिकली आहे, दुसरीवर हिरवी. हे लिहितोय तेव्हा दोन्ही बरण्यांच्या नळ्यांतून बुडबुडे येत आहेत. तीन आठवड्यांनी मामी पुन्हा पेल्यांच्या बुडाला टिकल्या लावणार आहे.

कोणता वाण श्रेष्ठ, याचं उत्तर या लेखात मी देत नाही, कारण तो प्रश्न चुकीच्या टोकापासून सुरू होतो. आधी पेल्यात काय हवं ते ठरवावं: किती कडू, कोणतं फळ, माल्ट किती. मग हॉप कधी घालायचा ते ठरवावं. मग पाकिटावरचं पिकाचं साल आणि आल्फाचा आकडा वाचावा. मग चार गोळ्या तळहातावर चोळून वास घ्यावा. वाणाचं नाव या सगळ्यानंतर यावं. माझ्या भाचीने मला नव्या वाणाकडे बघायला लावलं आणि मी तिला एका वेळी एकच वाण ओळखायला लावलं. दोन्हींची गरज आहे.

तुम्ही जिथे कायद्याने मोकळीक आहे तिथे बिअर करत असाल, तर एवढं करा. आज फ्रिज उघडा, हॉप्सची उघडी पाकिटं बाहेर काढा, प्रत्येकाचा वास घ्या. ज्याला चीजचा वास येतो ते, नाव कितीही आवडतं असलं तरी, फेकून द्या.